श्वास सोडल्यावरची कंबर

काशीराम तायडे यांची कंबर चौतीस होती. लग्नात चौतीस, प्रफुल्ल झाला तेव्हा चौतीस, चैताली झाली तेव्हाही चौतीस. पुढे पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमध्ये फोल्डिंग खात्याचे मुकादम होऊन ते खुर्चीत बसायला लागले, सायकल सोडून शटल रिक्षाने जायला लागले, तरीही चौतीसच. नवागामच्या नाक्यावरचे रघुनाथ टेलर टेप घेऊन पुढे आले की काशीराम दोन्ही हात वर करून सांगायचे, "लिहा चौतीस. मोजायचं काम नाई." रघुनाथ चौतीस लिहायचे आणि कापताना नुसत्या नजरेने अंदाज घेऊन कापायचे. पॅंट व्यवस्थित बसायची. पोटाच्या खाली, जिथे बसायला जागा उरली होती तिथे.

मीराबाईंना हे सगळं माहीत होतं. चाळीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज त्या शिवत, नवऱ्याचा आकार त्यांना टेपशिवायही कळत होता. पण त्या कधी बोलल्या नाहीत. माणसाला स्वतःबद्दल एखादी गोष्ट आवडत असेल तर ती आपण काहाले मोडायची, असं त्यांचं म्हणणं.

१९९७च्या संक्रांतीला प्रफुल्लचं लग्न ठरलं. मुलगी वरणगावची, नाव वर्षा. बुद्धपौर्णिमेनंतरची तारीख धरली. काशीरामच्या सेठने लग्नाची भेट म्हणून पांढऱ्या सुटिंगचा एक तुकडा दिला. जेमतेम एका पॅंटीचा, पण कापड असं की हातातून पाण्यासारखं निसटावं. काशीरामनी तो घरी आणून पलंगावर पसरला, दोन्ही तळव्यांनी सपाट केला आणि मुलीला म्हणाले, "चैतू, वरबाप असा पायजे, का लोकांनी नवरदेव सोडून त्याच्याकडं पाहावं."

त्यानंतर आठवडाभरात ते मिलच्या जिन्यात बसले. लिफ्ट बंद होती, तिसऱ्या मजल्यावर चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मागून गठ्ठा घेऊन येणाऱ्या धुडकूने गठ्ठा तिथेच टाकला. धुडकू धुळ्याकडचा, घाबरला की त्याच्या तोंडातून अहिराणीच यायची. "भाऊ, बठा आठे, हालू नका!" म्हणत त्याने काशीरामना तिथेच बसवून धरलं आणि रिक्षात घालून उधन्याच्या डॉक्टर जरीवाला यांच्या दवाखान्यात नेलं. निरोप मिळताच मीराबाई हातातला ब्लाउज सुईसकट टाकून धावल्या.

डॉक्टर जरीवाला पन्नाशीच्या सुरती बाई. मराठी पेशंटशी त्या मराठी, हिंदी आणि गुजराती एकाच वाक्यात बोलत. त्यांनी प्रेशर पाहिलं, रक्त काढलं आणि मग टेबलाच्या खणातून टेप काढला.

"काका, कमर केटली?"

"चौतीस," काशीराम झोपल्या झोपल्या म्हणाले.

डॉक्टर हसल्या नाहीत. "उभा राहा. शर्ट वर, पॅंट थोडी नीचे."

त्यांनी काशीरामच्या कुशीत बोट दाबून शेवटची बरगडी शोधली. मग कमरेच्या हाडाचं वरचं टोक शोधलं. दोन्हींच्या मधोमध पेनाने एक बारीक खूण केली. टेप मागून फिरवून आणला, सगळीकडे एका पातळीत आहे ना ते वाकून पाहिलं. "आवळायचा नाय, ढिला पण नाय. आता श्वास सोडा. काका, सोडा बोलते, आत खेचू नका."

"सोडला."

"तुमच्या मुलाचं नाव काय?"

"प्रफुल्ल," असं काशीराम म्हणाले आणि त्या एका शब्दासरशी पोट आपल्या जागी आलं.

"एकेचाळीस," डॉक्टर म्हणाल्या.

काशीरामचा चेहरा असा झाला की मीराबाईंना दुसरीकडे पाहावं लागलं. "मॅडम, हे तर पोट हाये. कंबर खाली हाये, पट्टा बांधतो तिथं."

"पट्ट्याची जागा दरजीला सांगा. मला ही जागा पाहिजे." डॉक्टर खुर्चीत बसल्या आणि नीट, न घाबरवता बोलल्या. पोटाच्या आत जी चरबी बसते ती हातापायांवरच्या चरबीपेक्षा वाईट, तीच हृदयाला आणि साखरेला त्रास देते. प्रेशर वाढलेलं आहे, साखर काठावर आहे. गोळी एकच देते, बाकीचं चालून आणि खाण्यातून करायचं. आधी अडतीसवर आणा, मग पुढचं बोलू. "आणि काकी, तुम्ही मोजायचं. हप्त्यातून एकदा, सकाळी, काही खायच्या आधी, हीच जागा. त्यांनी समोर बघायचं, खाली नाय. खाली वाकून बघितलं की माप बदलतं."

घरी आल्यावर काशीराम पहिलं वाक्य बोलले ते असं, "बाईचा टेप खराब असीन."

पुढच्या रविवारी सकाळी मीराबाईंनी आपला शिवणकामाचा टेप घेतला. काशीराम बनियन वर करून आतल्या खोलीत उभे राहिले. बरगडी सापडली, हाड सापडलं. मग टेप मागे न्यायची वेळ आली आणि मीराबाई थांबल्या. दोन खोल्यांच्या घरात, सासू, दीर, मग मुलं, यांच्यात त्यांचा संसार झाला होता. दिवसाढवळ्या नवऱ्याच्या अंगाभोवती दोन्ही हात घालायचा प्रसंग कधी आलाच नव्हता. बाहेरच्या खोलीत चैताली कपडे वाळत घालत होती.

"टाक ना," काशीराम समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले.

"टाकते. तुमी पाहू नका इकडं."

त्यांनी हात घातले. गाल त्यांच्या छातीला लागला. मिलच्या रंगाचा आणि खोबरेल तेलाचा वास आला. टेपचं टोक पाठीमागे हाताला लागेना, म्हणून जरा वेळच लागला. दोघांनाही त्याचं काही वाईट वाटलं नाही.

"किती?"

"चाळीस."

"सांगतलं नव्हतं? बाईचा टेप खराब!"

पण चैताली कॉलेजची स्टीलची पट्टी घेऊन आली. आईचा टेप जुना, ओढून ओढून सैल झालेला. पट्टी लावत लावत ती शेवटपर्यंत गेली आणि म्हणाली, "पप्पा, हा ताणला गेलाय. छत्तीसवर जवळजवळ एक इंच खोटं बोलतो. ब्लाउज याच्यानेच मोजायचे आणि याच्यानेच कापायचे, म्हणून आजवर चाललं." संध्याकाळी नवा टेप आला. एकेचाळीस म्हणजे एकेचाळीसच.

मग काशीराम पेटले. रविवारचा फाफडा-जिलेबीचा पुडा बंद झाला. मिलच्या गेटवरची सेव-खमणी बंद झाली. वरण-बट्टी केली तर त्यांच्या ताटात एकच बट्टी, तीही तुपाशिवाय. बाकी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, पालेभाजी, ताक. पहाटे उठून ते रेल्वेलाइनच्या कडेने दिंडोलीपर्यंत चालत जायचे आणि घामाघूम होऊन यायचे. मिलमध्ये खुर्ची सोडून टेबलांच्या मधून फिरायला लागले, तेव्हा पोरांना वाटलं, मुकादमाकडे कोणीतरी चुगली केली म्हणून पाळत ठेवतोय.

पुढच्या रविवारी एकेचाळीस. त्याच्या पुढच्या रविवारी एकेचाळीस. नंतरच्या रविवारी टेप केसभर आत आला, पण तो मोजावा की न मोजावा, असा.

काशीराम पलंगावर बसले. बनियन खाली ओढायचंही त्यांना सुचलं नाही. "इतकं उपाशी राहून जर हलत नाई, तर काहाले राहू? मरू तवा मरू. चैतू, जाय, फाफडा घेऊन ये."

चैताली आईकडे पाहू लागली. मीराबाईंनी कपाळाला आठी घातली, टेप पुन्हा उचलला. "थांबा. मले वाटतं मागून पीळ पडला होता. उभे राहा पुन्हा."

पुन्हा हात घातले, पुन्हा टेप पुढे आणला. काशीराम भिंतीकडे पाहत होते, आणि तसंही चष्म्याशिवाय त्यांना आकडे दिसत नव्हते.

"चाळीस," मीराबाई म्हणाल्या.

"खरं?"

"मी काय खोटं सांगीन?"

काशीरामनी चैतालीला थांबवलं. फाफडा आला नाही. त्या दिवशी ते दिंडोलीच्या पुढे उसाच्या शेतापर्यंत चालून आले.

एकदा सांगितलेला चाळीस मागे घेता येईना. पुढच्या आठवड्यात टेप खरोखर थोडा आत आला, तेव्हा मीराबाईंना साडेएकोणचाळीस सांगावं लागलं. खरी कंबर उतरत होती, पण मीराबाईंनी सांगितलेली कंबर तिच्यापुढे दीड-दोन इंच धावत होती. भीमजयंतीच्या मिरवणुकीत काशीराम निळा फेटा बांधून पुऱ्या रस्त्याने लेझीम खेळले, एकदाही बसले नाहीत. धुडकूला पाठीवर थाप मारून सांगितलं, "अडतीसच्या जवळ आलो भाऊ. तूही चालत जा." धुडकूही चालायला लागला. मीराबाई हे सगळं गर्दीतून पाहत होत्या. त्यांना भीतीही वाटली आणि अभिमानही. रात्री खरं सांगू असं ठरवलं, पण काशीराम जेवून बालकासारखे झोपले होते. राहिलं ते राहिलंच.

लग्न जवळ आलं. मीराबाई सुनेच्या साड्यांना फॉल लावण्यात गुंतल्या होत्या, तेव्हा काशीराम बाहेरून शीळ घालत आले.

"रघुनाथकडं पॅंटचा पीस देऊन आलो."

मीराबाईंची सुई थांबली. "माप घेतलं त्यानं?"

"घ्यायचं म्हणत होता. मी म्हटलं, हे डॉक्टरी पद्धतीचं माप हाये, घरचं. लिही साडेसदतीस. आन ही पॅंट मी पोटाखाली नाई घालनार, खऱ्या कंबरेवर घालनार. डॉक्टरनं दाखवलेल्या जागेवर."

दुसऱ्या दिवशी मीराबाई भाजी आणायला म्हणून निघाल्या आणि थेट नाक्यावर गेल्या. रघुनाथ लग्नसराईच्या कपड्यांत गळ्यापर्यंत बुडाले होते. पांढरी पॅंट कापून मशीनशेजारी पडली होती.

"मास्तर, मागं शिवणीत थोडा दाब सोडला ना, उसवून वाढवता यील असा?"

"काकी, कापड होतं का दाब सोडायला? सांगितलं त्या मापाची बसवली, हेच खूप झालं. काशीराम भाऊ तर असे खूश होते, की मी टेप हातात घ्यायला लाजलो." रघुनाथ मीराबाईंच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. "काही चुकलं का?"

"तुमचं काही नाई चुकलं," मीराबाई म्हणाल्या आणि भाजी न घेताच परत आल्या.

आता कपडा कंबरेला बसवायचा नव्हता, कंबर कपड्याला बसवायची होती. दुसऱ्या दिवसापासून काशीराम कामावरून आले की मीराबाई म्हणायच्या, "चला, मलेही चक्कर मारायची हाये." मग दोघं संध्याकाळी पुन्हा दिंडोलीच्या रस्त्याला लागत. घरात तेलाची बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. लग्नघर असल्यामुळे लाडू, शेव, चिवडा यांचे डबे भरत होते. काशीरामनी एका डब्याला हात लावला की मीराबाई तो हात प्रेमाने धरायच्या आणि डबा दुसरीकडे न्यायच्या. काशीराम कुरकुरले नाहीत. उलट एकदा चालताना म्हणाले, "मीरा, पहिल्यांदाच आपण दोघं कुठं न जाता चालतोय." मीराबाईंना तेव्हाच सांगून टाकावंसं वाटलं. पण समोरून चाळीतल्या उषाबाई येत होत्या आणि त्यांनी लांबूनच हाक मारली.

लग्नाच्या आधीच्या रविवारी पॅंट घरी आली. प्रफुल्ल, चैताली, मीराबाई बाहेरच्या खोलीत बसले होते. काशीराम आत गेले. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पलंगाचा आवाज आला. मग पुन्हा शांतता. शेवटी दार उघडलं. काशीराम दोन्ही हातांनी पॅंट धरून उभे होते. हुक आणि त्याचा काज यांच्यात दीड इंचाची फट होती, आणि त्या फटीतून बनियन डोकावत होतं.

प्रफुल्लला हसू आलं. "पप्पा, ऊपरथी बेल्ट बांधो, चालसे."

"काय चालसे?" काशीराम गरजले. "रघुनाथनं माप चुकवलं! त्याले जमत नाई तर घेतो काहाले कामं? थांब, जातो, दाखवतो त्याले. दहा मानसात त्याचं नाव..."

"मास्तरचं काही चुकलं नाई," मीराबाई म्हणाल्या.

"मग कोनाचं?"

"माझं. माप मीच खोटं सांगतलं."

मीराबाई उभ्या राहिल्या, पदर खांद्यावर ओढला आणि एका दमात बोलल्या. "तुमी फाफडा आनायले पाठवत होते त्या दिवशी. तुमचं तोंड मले पाहवलं नाई. म्हनून एक इंच कमी सांगतला. मग पुढं सांगतच गेले. मागं कसं यावं समजलं नाई."

काशीराम आत गेले. पॅंट उतरवली. फोल्डिंग खात्यात जशी घडी घालतात तशी, कडेला कड जुळवून घडी घातली आणि पलंगावर ठेवली. मग लेंगा चढवून, चपला पायात सरकवून बाहेर पडले.

"मी जाऊ मागे?" चैतालीने विचारलं.

"नको. चालून येतील," मीराबाई म्हणाल्या. पण त्यांचंच लक्ष दाराकडे होतं. मशीनवर बसल्या, दोरा ओवला, तो तुटला, पुन्हा ओवला.

काशीराम आले तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. त्यांच्या चपलांना उसाच्या शेतातली माती लागली होती. त्यांनी स्वतःच माठातलं पाणी घेतलं आणि उंबऱ्यात बसले.

"केव्हापासून?"

"जयंतीच्या आधीपासून."

"म्हन्जे मी पुऱ्या मिरवणुकीत लोकाईले अडतीस सांगत नाचलो."

"हो."

"धुडकूले सांगतलं. सेठले सांगतलं." त्यांनी पेला खाली ठेवला. "मले कोन हसलं तर सोड. पन मले वाटलं, आयुष्यात एक गोष्ट मी स्वतःच्या हिमतीनं केली. ती पन खरी नव्हती."

मीराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

सकाळी मीराबाई चूल पेटवायला, म्हणजे स्टोव्हला पंप मारायला बसल्या, तर काशीराम आतून म्हणाले, "टेप आन."

त्या गेल्या. काशीराम बनियन वर करून, भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"चैतालीले बोलावते. ती वाचील. माझ्यावर तुमी..."

"तूच मोज. मले तुझंच माप पायजे. फक्त खरं सांग."

मीराबाईंनी बरगडी शोधली, हाड शोधलं. टेप दोनदा लावला. पातळी पाहिली. "श्वास सोडा."

काशीरामनी सोडला. यावेळी खरंच सोडला, शेवटपर्यंत. इतके दिवस ते थोडासा आत धरून ठेवत होते, हे मीराबाईंना माहीत होतं.

"एकोणचाळीस. ना वर, ना खाली."

"पहिल्या दिवशी एकेचाळीस होती. ती खरी?"

"ती खरी. डॉक्टरबाईची."

काशीरामनी मान वळवली. "म्हन्जे दोन इंच माझे हाये."

"तुमचेच हाये. त्यात माझं काही नाई."

"आन पोट आत धरायचो, तेबी आज नाई धरलं." ते हळूहळू हसायला लागले. "अरे, दोन इंच! चैतू! प्रफुल्ल! उठा रे!"

रघुनाथ मास्तरनी मागची शिवण उसवून, पायाच्या दुमडीतून काढलेल्या कापडाची एक त्रिकोणी पट्टी आत घातली. म्हणाले, शर्ट बाहेर ठेवा, कोणाला दिसणार नाही. पण वरणगावच्या मांडवात काशीराम शर्ट खोचूनच उभे राहिले. पॅंट खऱ्या कंबरेवर होती. मागची जोडपट्टी ज्याला पाहायची त्याने पाहावी. व्याही गजेंद्ररावांचं पोट टेबलासारखं पुढे आलेलं होतं. जेवणाच्या पंगतीनंतर काशीराम त्यांना बाजूला घेऊन बरगडी कुठे शोधायची आणि हाड कुठे, ते दाखवत बसले. मीराबाईंनी दोनदा माणूस पाठवून त्यांना आशीर्वादाच्या फोटोसाठी बोलावलं.

लग्नाची गडबड संपल्यावर दोघं डॉक्टर जरीवालांकडे गेले. प्रेशर उतरलं होतं. साखर काठावरून मागे सरकली होती. डॉक्टरनी स्वतः मोजलं आणि खूश झाल्या. "सरस! काका, आवूं ज चालू राखो." मग टेप गुंडाळताना त्यांनी मीराबाईंकडे पाहिलं. "काकी, तुमचं कोण मोजतं?"

"माझं? मी कुठं जाड हाये?" मीराबाईंनी आपलं मनगट पुढे केलं. मनगट बारीकच होतं.

"हात नाय, कमर. या इकडे."

पडदा ओढला गेला. पेटीकोटची नाडी जरा खाली, गाठ बाजूला, श्वास सोडा. काशीराम बाहेर बाकावर बसून आतला आवाज ऐकत होते. "पस्तीस," डॉक्टरांचा आवाज आला. "बायकांसाठी आकडा लहान असतो काकी. रक्त घेते."

साखर निघाली ती काशीरामच्यापेक्षा कितीतरी जास्त. काठावर नव्हे, आतमध्ये. डॉक्टर म्हणाल्या, घाबरण्यासारखं नाही, वेळेवर कळलं. रोज दोन गोळ्या, चालणं, पथ्य. मीराबाई मान डोलावत होत्या. काशीरामच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. स्वतःच्या वेळी ते टेपला खराब म्हणाले होते, आता त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी घडी घालून वरच्या खिशात ठेवली.

रिक्षात ते एकदम म्हणाले, "माझी दुसरी बट्टी कोन खात होतं?"

मीराबाई बाहेर पाहत राहिल्या.

"मी विचारतो, माझं तूप, माझी बट्टी, उरलेले लाडू. कोन खात होतं?"

"टाकून द्यायचं का मग? अन्न हाये."

काशीरामनी कपाळावर हात मारला आणि मग तोच हात, समोर रिक्षावाला असतानाही, मीराबाईंच्या हातावर ठेवला. घर येईपर्यंत काढला नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी टेप स्वतःच्या गळ्यात घातला. मीराबाई तयार होईनात. सून नवी, घर लहान, लाज वाटते. वर्षाला काय चाललंय ते कळलं. तिने चैतालीला उठवलं, दुधाची बरणी घेतली आणि दोघी बाहेर पडल्या. प्रफुल्ल न सांगताच त्यांच्यामागे गेला.

हजारो मीटर कापड मोजलेला माणूस त्या दिवशी टेप दोनदा उलटा धरून बसला. बरगडी सापडेना. सापडली तेव्हा मीराबाईंना गुदगुल्या झाल्या. त्या हसायला लागल्या की माप हलायचं.

"हसू नको. समोर पाय."

"पाहतेच हाये."

"श्वास सोड."

"तुमी आधी मागून टेप सरळ करा. पीळ पडलाय."

काशीरामनी दोन्ही हात मागे नेले, पीळ काढला आणि लगेच पुढे आणले नाहीत. बाहेर उषाबाईंचा नळावरचा आवाज येत होता. आकडा चष्मा लावून दोनदा वाचला आणि खरा तो सांगितला.

मीराबाईंना साडीवर कॅनव्हासचे बूट घालून चाळीतून जायला फार जड गेलं. पहिल्या दिवशी त्या पदर तोंडावर घेऊन निघाल्या. उषाबाई हसल्या, आणि आठवडाभराने त्याही आल्या. गोळ्या सुरूच राहिल्या, पण दिवाळीपर्यंत साखर ताब्यात आली आणि डॉक्टरनी दोनाची एक गोळी केली. पावसाळ्यानंतर दिंडोलीच्या रस्त्याला ऊस डोक्यावर गेला होता. मीराबाई आता झपझप चालत, काशीराम दहा पावलं मागे राहत. मागून ते हाका मारत, "मीरा, जरा हळू! मी काय पळू का तुझ्यामागं?" आणि मीराबाई न थांबता, हात मागे करून त्यांना पुढे यायची खूण करत.